पहिली नळी

भरताचं वांगं गॅसवर होतं आणि फोनवर चारुलताचं नाव आलं. मी नुसता बघत राहिलो. फोन ओट्यावर थरथरत थोडा थोडा सरकत होता, वांग्याचं साल तडकत होतं, आणि पडद्यावर ‘चारुलता ऑफिस’. तिला जाऊन चार महिने झाले होते. ऑफिसचा नंबर तिनंच माझ्या फोनमध्ये तिच्या नावानं घातला होता, हे आठवायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी काय काय समजलो ते सांगत नाही. फोन वाजायचा थांबला, पुन्हा आला. घेतला. पलीकडे मोनाली होती, तिची जुनी विद्यार्थिनी, आता तिच्याच हाताखाली काम करणारी. “काका, मी मोनाली. काका, एकदा धुळ्याला याल का? सरांना तुमच्याशी बोलायचंय. मॅडमच्या नळ्यांबद्दल.” मी म्हणालो, कसल्या नळ्या? “रक्ताच्या, काका. मॅडमच्या स्वतःच्या.” वांगं एका बाजूनं कोळसा झालं होतं. तसंच खाल्लं. कडू लागलं. चार महिन्यांत मी जे जे शिजवलं ते बहुतेक कडूच झालं, त्यामुळे वेगळं असं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून धुळ्याची एसटी धरली. उन्हाळा चढला होता. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीची काच तापून हात लावू देत नव्हती. या रस्त्यानं चारुलता किती वर्षं गेली आली. सोमवारी जायची, शनिवारी यायची, देवपुरात एका ट्रस्टच्या संशोधन संस्थेत बायोकेमिस्ट्रीचं काम करायची. मी भुसावळला रेल्वेत, मालगाडीचा गार्ड. आमचा संसार असाच चालला, ती रस्त्यावर आणि मी रुळावर. लोक म्हणायचे, उखर्डू, तुझी बायको डॉक्टर आणि तू हिरवा झेंडा हलवतो, जमतं कसं? जमत होतं. उखर्डू हे नाव माझ्या आईनं ठेवलं. माझ्या आधीची दोन गेली, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव उखर्डू. मरणाला वाटावं हा कचरा आहे, याला काय न्यायचं. मरणाला तसंच वाटलं असावं. चारुलता हे नाव मात्र त्याला आवडलं.

मालगाडीच्या गार्डाचा डबा शेवटी असतो. इंजिनवाल्याला पुढचं दिसतं. गार्डाला मागे सुटलेले रूळ दिसतात. तीस वर्षं मी मागं जाणारे रूळ बघितले आणि आता निवृत्त होऊन घरी बसलो तरी दुसरं काही बघता येत नाही. बसमध्येही मागचंच दिसत होतं. एकदा जेवताना तिनं मला विचारलं होतं, “अहो, तुमच्या गाडीत माल तेवढाच, पण मोठ्या वाघिणींत भरला आणि लहान वाघिणींत भरला, तर रुळाला जास्त त्रास कशाचा?” मी म्हणालो, लहान वाघिणी म्हणजे जास्त डबे, जास्त चाकं, जास्त सांधे. त्रास चाकांचा. तिनं हातातला घास ताटात ठेवला. “बस्स. हेच मी मुंबईच्या परिषदेत अर्धा तास सांगत होते. रक्तात चरबी सुटी फिरत नाही हो. तिला वाघीण लागते. त्या वाघिणीला आम्ही लिपोप्रोटीन म्हणतो. रिपोर्टात सगळे माल मोजतात. कोलेस्टेरॉल एवढं, तेवढं. वाघिणी कोणी मोजत नाही. आपल्या खान्देशातल्या बायांचा माल कमी असतो, रिपोर्ट नॉर्मल येतो, डॉक्टर म्हणतो जा घरी. पण वाघिणी ढीगभर आणि बारीक. अंगात साखर वाढू लागली की आणखी बारीक. बारीक वाघीण शिरेच्या भिंतीत घुसते आणि तिथंच रुतते.” मी विचारलं, तुझं काय? ती हसली. “माझा रिपोर्ट नॉर्मल आहे.” दर दिवाळीनंतर ती साधी तपासणी करायची आणि कागद फ्रिजला चुंबकानं लावायची. नॉर्मल. साखर जरा काठावर, बाकी नॉर्मल. जो रिपोर्ट खोटं बोलतो हे सिद्ध करण्यात तिनं आयुष्य घातलं, तोच रिपोर्ट आमच्या फ्रिजवर लावलेला होता. अजून आहे. काढायचा म्हटलं तर चुंबकाला हात जात नाही.

पारोळ्याच्या पुढं एका थांब्यावर एक म्हातारी चढली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या अंगाला बाजरीच्या भाकरीचा वास होता. मला सोनगीरची तानुबाई आठवली. ती आठवू नये असं मी ठरवलं होतं. सुट्टी असली की मी चारुलताबरोबर गावांत जायचो, बर्फाची पेटी उचलायला. सोनगीरला पहिल्यांदा गेलो तेव्हा मारुतीच्या पाराजवळ खाटा टाकल्या होत्या आणि बाया लांब उभ्या होत्या. एकही पुढं येईना. शेवटी तानुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बठ्ठासनं रंगत काढी लेशात आनि इकी टाकशात, आमले ठाऊक शे.” बाकीच्या हसल्या. रंगत म्हणजे रक्त. आम्ही ते विकणार असा तिचा ठाम समज होता. चारुलता म्हणाली, “माय, विकायचं असतं तर तुझं कशाला घेतलं असतं? तुझ्यात आहे किती?” पुन्हा हसणं. तानुबाई हटली नाही. “पहिले तुनं काढ, मंग आमनं.” चारुलतानं बाही वर केली, खाटेवर बसली आणि मोनालीपुढं हात केला. “हाई देख. पहिले मनं.” मनं म्हणजे माझं. सुई आत गेली, नळी भरली. तानुबाई वाकून बघत होती. “इतलंच? मच्छर बी यान्हापेक्षा जास्त पेस वं माय.” आणि बसली.

तेव्हापासून ती रीत झाली. मुक्ताईनगर, रावेरकडची केळीची गावं, अमळनेर, साक्री, कुठंही जा, पहिली नळी चारुलताची. बाया बघायच्या, बाई मेली नाही, मग बसायच्या. त्या नळीवर गावाचं नाव आणि आकडा एक. पण ती तपासायची नाही. ती दाखवण्याची नळी, अभ्यासातली नव्हे. अभ्यासात ज्यांनी अंगठा दिला, सही दिली त्यांचंच रक्त. तपासणीचं सामान परदेशातून यायचं, ते मोजून बायांसाठी. मी एकदा म्हणालो, मग फेकून तरी दे. तर म्हणाली, “रक्त फेकू नये. राहू द्या एका कोपऱ्यात.” तशा त्या नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये एका कोपऱ्यात राहिल्या. गावागावात तिनं आधी स्वतःचं रक्त काढलं आणि सगळ्या गावांचं तपासलं, फक्त आपलं राहिलं.

ती गेली तो दिवस सोनगीरचाच. दर दोन वर्षांनी तिथं पुन्हा तपासणी असायची. सकाळी थंडी होती. मी नव्हतो, मी जळगावला घराच्या गच्चीवर टाकीचा नळ बसवत होतो. मोनालीनं नंतर सांगितलं ते असं. पाराजवळ पहिली सुई मॅडमची. मग बाकीच्यांच्या. मॅडमना जरा मळमळ होत होती, म्हणाल्या, पित्त झालंय. साखरवाल्यांना छातीत दुखत नाही पुष्कळदा, नुसती मळमळ होते, घाम येतो. हे मला कोणी सांगितलं? चारुलतानंच, दहा वेळा. जीपमध्ये त्यांना घाम आला. संस्थेत आल्या. नळ्या यंत्रात फिरवल्या, वरचं पाणी वेगळं काढलं, छोट्या कुप्यांत भरलं, फ्रीजरमध्ये ठेवलं, दार लावलं, दारावरचा थंडीचा आकडा बघितला. मग स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, मोनाली, जरा पंखा लाव गं. जानेवारीत. मोनालीनं पंखा लावून मागं वळून बघितलं तोवर झालं होतं. मला या सगळ्यात एकच गोष्ट सहन होत नाही. आधी नळ्या आत गेल्या, मग ती खाली बसली. तिनं क्रम चुकवला नाही.

आम्ही अस्थी चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमात सोडल्या. गंधमुक्तीला चारशे माणूस जेवलं. सोनगीरहून टेम्पो भरून बाया आल्या होत्या. तानुबाईनं माझे दोन्ही हात धरले. सत्तरीच्या पुढची, काटक, चेहऱ्यावर तेज. “तुनी बाईनी मले वाचाडं रे भाऊ. ती नही सांगती तं मी कव्हयच मरी जाती.” तिच्या वाघिणी चारुलतानं मोजल्या होत्या, जिल्ह्याला पाठवून औषध सुरू केलं होतं. मी मान हलवली. आत मला त्या म्हातारीचा इतका राग आला की हात सोडवून मी पत्रावळी उचलायला गेलो. गंधमुक्ती झाली म्हणजे सुतक फिटलं, गेलेल्या माणसाचं या घरात काही राहिलं नाही. भटजींनी तसं सांगितलं, नातेवाइकांनी तसं मानलं, लेक सारिका पुण्याला परत गेली. कपडे वाटले. चष्मा वाटता येत नाही, तो राहिला. आणि आता कळत होतं की धुळ्याला एका लोखंडी कपाटात तिचं अंग अजून होतं. जळालं नव्हतं, पाण्यात गेलं नव्हतं. चार महिने मी पिंड, कावळा, घास सगळं केलं, आणि ती तिथं गोठून उभी होती.

संस्थेत डॉ. योगेंद्र माझी वाट बघत होते. ते तिथले प्रमुख. चारुलता त्यांना शिकवायला होती असं नाही, पण ते तिला मानायचे. निदान शोकसभेत तसं म्हणाले होते. “या, या उखर्डूभाऊ.” माझं नाव घेताना शिकलेली माणसं जरा अडखळतात, तसे ते अडखळले. चहा आला, बिनसाखरेचा. “तुम्हाला साखर चालते का? मागवू?” मी म्हणालो, आता सगळं चालतं. मोनाली भिंतीला टेकून उभी होती. बारीक झाली होती. माझ्याकडे बघत नव्हती.

“भाऊ, सरळच सांगतो,” डॉक्टर म्हणाले. “मॅडम गेल्यावर या पोरीनं त्यांच्या त्या पहिल्या नळ्या काढल्या. मला न विचारता. तपासल्या. मी रागावलो आधी. पण जे निघालं ते बघून... भाऊ, असं जगात कुणाकडं नसेल. एकाच बाईचं, अकरा वर्षांचं, गावागावाला काढलेलं रक्त. आजार कसा चढत गेला ते पायरी पायरीनं दिसतं. साधा रिपोर्ट शेवटपर्यंत नॉर्मल आणि आत वाघि... म्हणजे कणांची संख्या...” तो शब्द त्यांच्या तोंडी आला तसा मला जरा धक्काच बसला. म्हणजे ती तो इथंही वापरत होती. मला वाटत होतं तो आमच्या जेवणाच्या ताटापुरता आहे.

मी मोनालीला विचारलं, “कधीपासून दिसतं?”

तिनं डॉक्टरांकडं बघितलं.

“पोरी, कधीपासून?”

“मुक्ताईनगरच्या नळीतच दिसतं, काका.”

मुक्ताईनगर म्हणजे सोनगीरनंतरचं पहिलंच गाव, अगदी सुरुवात. त्या दिवशी मी बरोबर होतो. आम्ही मुक्ताईच्या देवळात गेलो होतो, मग बाहेर उसाचा रस प्यायलो, तिनं अर्धा ग्लास मला दिला, साखर नको म्हणून. त्या वेळी बर्फाच्या पेटीत, माझ्या मांडीवर, ते लिहिलेलं होतं. त्यानंतर सारिकाचं लग्न झालं. घराला रंग दिला. मी निवृत्त झालो. आम्ही पचमढीला जायचं ठरवलं आणि तिच्या तपासण्यांमुळं तीन वेळा पुढं ढकललं. तेवढा सगळा वेळ औषधाला होता. तानुबाईला जी गोळी दिली तीच. मला वाटलं होतं, हे ऐकून मी ओरडेन. काहीच झालं नाही. चहा गार झाला तेवढं दिसलं.

“मी रोज त्यांच्यासमोर सुई घेऊन उभी राहायचे, काका,” मोनाली म्हणाली. “एकदा तपासायला काय झालं असतं? पण मॅडम म्हणायच्या, सामान बायांचं आहे.” आणि ती रडायला लागली. तिला गप्प करायचं माझ्या मनात आलं नाही. रडू दे, म्हटलं. कुणीतरी रडायला पाहिजे होतं या खोलीत.

डॉक्टर पुढं सरकले. “आता एकच कुपी राहिली आहे. बाकीच्या वापरल्या गेल्या. ही सोनगीरची, शेवटची. त्या दिवशीची. अटॅकच्या आधी काही तास घेतलेलं रक्त, भाऊ. त्यात काय असेल विचार करा. ती मात्र मी उघडू दिली नाही. मॅडम स्वतः अभ्यासात नोंदलेल्या नव्हत्या, त्यामुळे घरच्यांची परवानगी पाहिजे. तुमची सही झाली की हा पेपर मॅडमच्या नावानं जाईल. त्यांचं नाव पहिलं. मग उद्या सरकारला सांगता येईल की आमच्या बायांच्या तपासण्या बदला. हजारो बाया वाचतील.”

“आणि ती कुपी?”

“ती तपासणीत संपेल.”

“म्हणजे मग काही राहणार नाही.”

“भाऊ, ज्ञान राहील ना.”

ते वाईट माणूस नव्हते. ते जे बोलत होते ते खरं होतं, हेच त्यातलं वाईट. सकाळी निघताना मी सारिकाला फोन केला होता, तीही म्हणाली, “बाबा, कशाचीही सही मागतील तर करून टाका, आईनं केलीच असती.” केली असती. विचारण्याआधी केली असती. बाही वर केली असती आणि पहिले मनं म्हणाली असती. कुणालाही आधी दिलं तिनं. सोनगीरला दिलं, साक्रीला दिलं, रावेरला दिलं. शनिवारी संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्यात काय उरायचं? कोपराच्या खळीत एक निळा डाग उरायचा. त्यावर मी खोबरेल तेल लावायचो. तो डाग जाईपर्यंत सोमवार यायचा.

तिचे हात नेहमी गार असायचे. लग्न झालं तेव्हापासून. हिवाळ्यात मी पहाटेची ड्युटी करून घरी आलो की ती माझ्या कॉलरीत मागून हात घालायची, मी दचकायचो, ती हसायची. मग मी तिचा एक हात दोन्ही हातांत धरून ठेवायचो, ऊब येईपर्यंत. ती थोड्या वेळानं म्हणायची, “झाले गरम, सोडा आता.” आणि दुसरा हात पुढं करायची. गेल्या काही वर्षांत तर ते उन्हाळ्यातही गार असायचे. मला वाटायचं, तिची ठेवणच तशी.

“मला एकदा दाखवा,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी मोनालीकडे बघून मान हलवली. आम्ही आतल्या खोलीत गेलो. फ्रीजर सारखा घुमत होता. शेजारी ते स्टूल होतं. वर पंखा. मोनालीनं जाड हातमोजे घातले, दार उघडलं, पांढरी वाफ खाली सांडली. तिनं एक छोटी पेटी काढून टेबलावर ठेवली. त्यात एक कुपी, माझ्या करंगळीच्या पेराएवढी. वर चारुलताच्या अक्षरात ‘सोनगीर’ आणि आकडा एक. अक्षर नेहमीसारखं. घाम येत असताना लिहिलेलं वाटत नव्हतं.

ते लाल नव्हतं. मी लाल समजून आलो होतो. पिवळट होतं, थिजलेल्या तुपासारखं. क्षणभर वाटलं, हे तिचं नव्हेच, यांनी भलतंच काहीतरी काढलं.

“हात लावू नका भाऊ, चटका बसेल,” डॉक्टर म्हणाले.

मी उचललं. चटका बसला. इतकी गार वस्तू मी कधी हातात घेतली नव्हती, तापलेल्या ब्रेकसारखी ती कातडीला चिकटली. मी मूठ मिटली.

“बघितलं ना? द्या, आत ठेवू या लगेच. असं हाताच्या उबेनं वितळलं की कण फुटतात, मग काही उपयोग नाही.”

मी उभा राहिलो. हात बधिर झाला, मग आतून ठणकायला लागला. कळ कोपरापर्यंत आली, जिथं तिचा निळा डाग असायचा तिथपर्यंत. डॉक्टर काही बोलत होते. हजारो बाया, असं पुन्हा ऐकू आलं. मला तानुबाई दिसली, पाराजवळ, कमरेवर हात ठेवलेली, जिवंत. तिच्यासारख्या आणखी असतील. त्यांच्या लेकी असतील. त्या सगळ्यांना मी मनात नाही म्हणालो. एकेकीला. तुम्हाला सगळं मिळालंय. हे एवढं मिळणार नाही.

“काका,” मोनाली हळूच म्हणाली. ती माझ्या मुठीकडं बघत होती. मग तिनं हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले.

“उखर्डूभाऊ, अहो काय करताय? द्या ते!” डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. पण ते सभ्य माणूस, जोर लावेनात. “त्याचं पाणी होतंय भाऊ. तुम्हाला कळतंय का, पाणी होतंय!”

कळत होतं. बोटांच्या फटीतून गार ओल येत होती, ती बाहेरच्या बर्फाची. मग तीही थांबली. ठणका कमी झाला. आत काहीतरी हललं, पातळ, वर-खाली. आता ते माझ्या हाताइतकंच कोमट होतं, गार राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी मनगट सोडलं आणि ते त्या स्टुलावर जाऊन बसले.

सोडायची वेळ झाली होती. पण झाले गरम, सोडा आता, असं कोणी म्हणालं नाही. मी मूठ तशीच धरून उभा राहिलो.